कुठल्या काठचं माकड

आमच्या आईला माकडं नावानिशी माहीत होती. नावं म्हणजे काय, एक थोटी, एक कानतुटकी, एक रडवी, आणि एक दांडगा बाप्या होता त्याला ती सरपंच म्हणायची, कारण तो सगळा वेळ विहिरीच्या कठड्यावर बसून इतरांवर नजर ठेवायचा आणि स्वतः काही करायचा नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं माहेरचं घर, मागे कुळागर, पोफळी, माड, केळी, मिरवेली, कडेला दोन जायफळं, आणि कुळागर संपलं की लगेच रान. मधे कुंपण आहे, पण ते गुरांसाठी, माकडांना त्याचा उपयोग फक्त बसायला.

थोटीची शेपटी अर्धीच होती. विजेच्या तारेला चिकटली होती म्हणे, मी पाहिलं नाही, मी तेव्हा फोंड्याला होते. लग्न झाल्यापासून मी फोंड्यालाच आहे, शनिवारी येते, रविवारी रात्री जाते. तर ही थोटी निदान दहा वर्षं आमच्या छपरावर येत होती, आधी एकटी, मग पोटाला पोर घेऊन, मग त्या पोरीच्या पोटाला पोर. आई तिला शिव्या घालायची, दगड पण मारायची, पण नेम मुद्दाम चुकवायची असा माझा संशय आहे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी मोडलेल्या केळीच्या घडांचे फोटो, मग अर्धवट पोखरून टाकलेल्या आडसरांचे, म्हणजे कोवळ्या नारळांचे, मग कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सांडलेल्या डब्यांचे, आणि मग वर्गणी. माणसं आली, पिंजरा लावला, आत केळी आणि शेंगदाणे, आणि तीन दिवसांत चौदा माकडं पिकअपमध्ये. त्यात थोटी होती. मी त्या दिवशी नेमकी घरी होते म्हणून बाहेर येऊन त्या माणसाला विचारलं की कुठे सोडणार, तर तो म्हणाला, पलीकडे. पलीकडे म्हणजे? म्हादईच्या पलीकडे हो बाई, रानात, काळजी करू नका, परत येणार नाहीत. त्याच्या हातात एक शाळेची वही होती, त्यात तारीख लिहिली होती आणि पुढे "माकडं – १४". बस्. कुठून पकडली, कुठे सोडली, नर किती माद्या किती, काही नाही.

मला राग कशाचा आला ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं. काका शेजारीच उभे होते, ते म्हणाले, "पुस्तकातली माकडं सांगायला सोपी गो बाय, इथे राहून दाखव." आणि ते खरंच आहे. त्यांच्या चाळीस माडांवर गेल्या वर्षी पाडेल्याची मजुरी सुटेल एवढे नारळ निघाले नाहीत. ज्याचं नुकसान होतं त्याला भूतदया शिकवायला जाऊ नये एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी गप्प बसले. पण ती वही डोक्यातून जाईना.

नंतर कळलं की ही वहीची तक्रार माझ्याआधी कोणीतरी करून ठेवलेली आहे, तीही १८५२ साली. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्याच वेळी ज्याला उत्क्रांतीचं गणित स्वतंत्रपणे सुटलं तो, त्याआधी काही वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात फिरत होता. लंडनला परत आल्यावर तिथल्या माकडांवर त्याने एक निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं की ॲमेझॉन, रिओ निग्रो, मदेरा या नद्या एवढ्या रुंद आहेत की एका काठावरचं माकड दुसऱ्या काठावर सापडतच नाही, तिथे त्याचा भाऊबंद असतो पण तो वेगळा. तिथल्या शिकाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं, अमुक माकड हवं तर अमुक काठावर जायचं. आणि युरोपातल्या संग्रहालयांत पेंढा भरून ठेवलेल्या माकडांच्या चिठ्ठ्यांवर मात्र नुसतं "ॲमेझॉन" किंवा त्याहून ढोबळ काहीतरी. कुठला काठ, ते लिहिलेलंच नाही! म्हणजे माकड मिळालं आणि त्याची गोष्ट हरवली.

आता लगेच कोणी म्हणेल की म्हादई म्हणजे काय ॲमेझॉन आहे का. नाही. एप्रिलमध्ये आमच्या इथली म्हादई गुडघाभर पाण्यात ओलांडता येते आणि आमची माकडं चांगली पोहतात, उन्हाळ्यात कोंडीत उड्या मारून खेळताना मी त्यांना लहानपणापासून बघतेय. त्यांच्यासाठी ही नदी म्हणजे भिंत नव्हे, फार तर उंबरठा. मग आपल्याकडच्या माकडांच्या भिंती कुठल्या?

त्यातली एक भिंत मी डोळ्यांनी पाहिलीय, पाहताना कळलं नाही एवढंच. काही वर्षांपूर्वी नणंदेकडे कोइंबतूरला चाललो होतो, मडगावहून गाडी, रात्र गेली, सकाळी शोरनूर मागे पडल्यावर खिडकीतून वारा यायला लागला. साधा वारा नव्हे, सणसणीत, तोंडावर गरम. बाहेर भाताची कापलेली शेतं, बांधांवर ताडच ताड, आणि डोंगर दोन्ही बाजूंना लांब उभे, मधे कोणीतरी मुठीने माती उचलून नेल्यासारखी सपाट जागा. नवरा म्हणाला, हा पालघाटचा खिंड. मी म्हटलं, ही खिंड. मग त्यावर आमचं भांडण झालं. भांडण मिटेपर्यंत ती खिंड संपली पण होती.

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर सह्याद्री पसरलाय, त्यात सगळ्यात मोठा खंड हाच, तीस-चाळीस किलोमीटर रुंद. दोन्हीकडचे डोंगर दोन हजार मीटरच्या वर जातात आणि मधली जमीन समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरही नाही. आपल्याला गाडीत तास लागत नाही. पण ज्याचा पाय जमिनीला लागत नाही, ज्याला फांदीवरून फांदीवर जायचं असतं आणि ज्याला वर्षभर फळ हवं असतं, त्याला चाळीस किलोमीटर गरम वाऱ्याची उघडी जमीन म्हणजे समुद्रच.

असं एक माकड आहे, सिंहपुच्छ. अंग काळं, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. जगात फक्त सह्याद्रीत, आणि सगळी मिळून चार हजारांच्या आत. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी बाकीच्यांच्या साथीने जंगलातली त्याची विष्ठा गोळा करून त्यातला डीएनए तपासला, २०१५ साली ते छापून आलं. निष्कर्ष असा की पालघाटच्या उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची सिंहपुच्छ माकडं साधारण वीसेक लाख वर्षांपूर्वीच एकमेकांपासून सुटलेली आहेत. वीस लाख! दिसायला सारखीच, आवाज सारखाच, आणि एकमेकांची गाठ पडून एवढा काळ झालेला. आम्ही त्या भिंतीतून कुर्मा-पुरी खात गेलो.

हे विष्ठेवरून कसं कळतं याचा मला जरा नाद लागला, आणि त्यात जी गोष्ट सापडली तिने मी थोडा वेळ गप्प बसले. पेशीत एक छोटासा वेगळा डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियाचा, तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काही वाटा नाही. म्हणजे ते एक आडनावच, फक्त आईकडून चालणारं. आणि या जातीच्या माकडांत वयात आल्यावर घर सोडतो तो मुलगा, मुलगी जन्मभर आईच्या टोळीत राहते. आईचा जो मान तोच मुलीचा, आईची जी झाडं तीच मुलीची. आपल्याकडे बरोब्बर उलटं, लेक पाटावरून उठते ती थेट दुसऱ्या तालुक्यात. (आमच्या छपरावरच्या टोपीवाल्या माकडांत काही मुलगे आईजवळच राहून जातात आणि त्यांच्यातले नर एकमेकांशी बऱ्यापैकी सलोख्याने वागतात, इतर माकडांच्या मानाने हे नवल समजलं जातं. सरपंच बहुधा त्यातलाच असावा.)

तर बायका जागच्या हलत नाहीत म्हणून आईकडून येणारं हे आडनाव त्या जागेला चिकटून राहतं, खोऱ्याला, डोंगराला. पुरुष इकडून तिकडे जातात आणि बाकीचा डीएनए मिसळत ठेवतात. म्हणून आईकडचा डीएनए वाचला तर जुन्या भिंती दिसतात, आणि दोन्ही वाचले तर भिंतीतली दारं पण दिसतात. आता दार बंद झालं, टोळ्या थोड्या उरल्या, तर काय होतं? आपल्या गावकारीत बारा वांगड, म्हणजे मूळ घराणी, असतात ना, आणि म्हातारे सांगतात की अमुक वांगड नष्ट झाला. त्या घरातल्या लोकांत काही खोट होती म्हणून नव्हे, तीन पिढ्यांत मुलगा राहिला नाही, एवढंच. माकडांच्या छोट्या टोळीत हेच मुलींच्या बाबतीत होतं. एक वर्ष पाऊस कमी, दोन पिल्लं मेली, त्या दोन्ही माद्या होत्या, संपलं आडनाव. मोठ्या जंगलात शेजारून भर पडते, बेटावर पडत नाही. चांगलं-वाईट असा काही निवाडा त्यात नसतो, नुसती चिठ्ठी निघते. हे मला उत्क्रांतीतलं सगळ्यात निर्दय वाटलं, वाघाने खाल्लं तर निदान वाघाचं पोट तरी भरतं.

पण भिंत म्हणजे नुसती खिंड नव्हे, आणि इथे पाऊस येतो. खिंड तर करोडो वर्षं जागेवर आहे, मग माकडं वीस लाख वर्षांपूर्वीच का सुटली? कारण खिंडीतलं रान कायम एकसारखं नसणार. पाऊस वाढला की हिरवं रान डोंगरावरून खाली उतरतं, दोन डोंगर हात मिळवतात, पाऊस आटला की रान वर ओल्या घळींत जाऊन बसतं आणि मधे गवत. थोडक्यात, कडी असलेलं दार म्हणा.

पणजीला बँकेच्या ट्रेनिंगला गेले की मी मिरामारला चक्कर मारते. तिथून पुढे दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची, तिथले लोक अरबी समुद्राच्या तळाचा गाळ काढून त्यातले टाचणीच्या डोक्याहून बारीक शंख भिंगाखाली बघतात, आणि त्यावरून कुठल्या काळात पाऊस किती होता याचा अंदाज बांधतात. मिरामारच्या वाळूत उभं राहून मला नेहमी एक आठवतं की वीस हजार वर्षांपूर्वी हा किनारा इथे नव्हताच. पृथ्वीवर हिमयुग ऐन भरात, पाणी बर्फ होऊन उत्तरेला अडकलेलं, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली. आपल्या इथला समुद्र उथळ, म्हणजे लाटा पन्नास किलोमीटरहून जास्त लांब. जमीन जास्त आणि पाऊस कमी, कारण आशियाचा एवढा मोठा भूभागच थंड पडलेला, तो तापल्याशिवाय समुद्रावरचे ढग इकडे ओढले जायचे नाहीत. आपला मिरगाचा पाऊस म्हणजे शेवटी तापलेल्या जमिनीने मारलेली हाकच, त्या काळी ती हाक बारीक होती.

निलगिरीच्या माथ्यावर दलदलीच्या जागा आहेत, तिथे कुजलेल्या पाल्याचे थर साठत गेलेत. बंगळुरूचे रामन सुकुमार, आपण त्यांना हत्तींचे अभ्यासक म्हणून ओळखतो, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्या थरांतला कार्बन तपासून १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. उष्ण प्रदेशातल्या गवतांचा कार्बन आणि झाडांचा कार्बन थोडा वेगळा असतो, त्यावरून कुठल्या काळात काय उगवत होतं ते कळतं. हिमयुगाच्या ऐन काळात कोरडं, गवताचं राज्य. मग दहाएक हजार वर्षांपूर्वी पाऊस जोरात आणि ओलावा परत. पुढे पुन्हा चढउतार, बेचाळीसशे वर्षांपूर्वीचा एक मोठा कोरडा काळ तर एवढा ठळक की भूशास्त्रवाल्यांनी २०१८ मध्ये तिथून पुढच्या सगळ्या काळाला मेघालयातल्या एका गुहेवरून मेघालयन असं नाव दिलं. आपण सगळे मेघालयन आहोत. आईला सांगितलं तर म्हणाली, आम्ही सत्तरीचे.

या सगळ्यात गोवा कुठे येतो? मधे. सह्याद्रीत दक्षिणेच्या टोकाला केरळात दोन-तीन महिने कोरडे, जसजसं वर याल तसतसे वाढत वाढत महाराष्ट्रात सात-आठ होतात. एकूण पाऊस आपल्याकडेही बदाबदा पडतो, पण चार महिन्यांत पडून मोकळा, मग ऑक्टोबरपासून आकाशाकडे बघत बसा. सदाहरित झाडाला पाऊस किती पडला यापेक्षा किती महिने नाही पडला हे जास्त लागतं. म्हणून इथे ते रान तुकड्यातुकड्यांनी उरलंय, ओढ्याकाठी, घळीत, आणि देवाच्या राईत.

बांबरची निरंकाराची राय ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावी, चपला बाहेर काढून. सत्तरीतच आहे. आत शिरलं की आधी गारवा लागतो, मग पायाखालची जमीन ओली होते, मग जमीन नसतेच, नितळ पाणी आणि त्यात उभी रानजायफळाची उंच झाडं. खोडापासून चौफेर काठ्या टेकवल्यासारखी मुळं, आणि चिखलातून वर येऊन परत आत गेलेली मुळांची वाकडी गुडघी, कोणी खाली बसून गुडघे वर काढलेत असं वाटतं. या झाडाचं बी कोरडं पडलं की मेलं, साठवून ठेवता येत नाही, पाण्याशिवाय त्याचं चालतच नाही. म्हणजे बाहेर रान सुकत गेलं, गवत आलं, शेती आली, आणि हा एक तुकडा झऱ्याच्या आणि देवाच्या धाकाच्या आधाराने ओला राहिला. लहानपणी आजी सांगायची, आत मोठ्याने बोलायचं नाही. मी अजूनही नाही बोलत.

अशीच राय, याच कुळातल्या झाडांची, मी खाली कारवारच्याही पुढे सिद्दापूर तालुक्यात कत्तलेकानला पाहिली, शिरसीच्या एका मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा. कत्तले म्हणजे काळोख. तेच पाणी, तीच गुडघी. फक्त तिथे वर काहीतरी हललं. मैत्रिणीने दंड धरला आणि म्हणाली, सिंगळीक, म्हणजे तेच सिंहपुच्छ. वर बघितलं तर काळं अंग, राखाडी आयाळ, आणि ते महाशय फांदीची साल सोलून त्यातले किडे वेचून खात होते, एक एक, निवडून, आई तांदूळ निवडते तसं. खाली आमच्याकडे बघितलं पण नाही. आमच्या छपरावरच्या माकडांनी एव्हाना मैत्रिणीची पर्स उघडून बघितली असती.

शिरसी-होन्नावरच्या रानात ही माकडं काही शेकडा आहेत, ही त्यांची जगातली उत्तरेकडची शेवटची वस्ती. म्हणून कर्नाटकाने २०११ मध्ये अघनाशिनीच्या खोऱ्यात त्यांच्यासाठी खास राखीव क्षेत्र केलं. काणकोणहून गाडीने तीनेक तास. जुन्या इंग्रजी नोंदींत त्यांची हद्द सांगताना गोव्याचंही नाव येतं. आज गोव्यात एकही नाही. राय आहे, झाडं आहेत, गुडघी आहेत, वर फक्त तांबट आणि धनेश.

आणि या सिंगळीकाचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण असावेत? आमच्या छपरावरची नव्हेत, अजिबात नव्हेत. ते आहेत ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला आसामात आणि तिथून पुढे ब्रह्मदेश, थायलंड, मलाया, इंडोनेशियाकडे, आखूड शेपटीची माकडं, डुकराच्या शेपटीवरून त्यांचं नाव पडलंय. मधे दोनेक हजार किलोमीटर काही नाही. एका कुटुंबातले दोन भाऊ, एक कारवारला आणि एक गुवाहाटीला, मधली सगळी गावं दुसऱ्यांची. कधीतरी तिथपर्यंत ओलं रान सलग असलं पाहिजे, त्याशिवाय याचा अर्थ लागत नाही. मग ते सुकलं, आणि रान दोन्ही टोकांना राहिलं, आणि रानाबरोबर ही माणसं. माणसं म्हटलं मी, असू दे.

छपरावरच्यांचा चुलतभाऊ मात्र श्रीलंकेत आहे, त्यालाही तशीच डोक्यावर मधे भांग पडलेली केसांची टोपी. समुद्र खाली गेला की भारत आणि लंका यांच्यामधली उथळ सामुद्रधुनी कोरडी पडायची, हिमयुगांत असं पुन्हापुन्हा झालंय. माकडं चालत लंकेला गेली आणि मागे पाणी चढलं. याच्यावर आपल्याकडे काय बोलणार, आपल्याला हे आधीपासूनच माहीत होतं असं काका म्हणाले.

वांदरांची, म्हणजे काळतोंड्यांची, गोष्ट निराळी. त्यांच्या पोटात गायीसारखे कप्पे, जून पाला पण पचतो, म्हणून कोरडे महिने त्यांना फारसे छळत नाहीत आणि ते हिमालयापासून खालपर्यंत सगळीकडे. तरी तिथेही कोणीतरी रेघ मारलेली आहेच. ओंकारेश्वरला गेलो होतो तेव्हाचे फोटो आणि आमच्या गोठ्यावरचे फोटो शेजारी ठेवून बघा: तिकडचा वांदर चालताना शेपटीची कमान डोक्याकडे पुढे वळवतो, आमचा मागे सोडतो. तापी-गोदावरीच्या वर एक तऱ्हा, खाली दुसरी. का, ते बाजूला ठेवा, पण एकदा कळलं की कुठल्याही देवळाच्या फोटोत मी आधी शेपटी बघते. (हेच आमच्या शेजारचे धारवाडचे वांदर, ज्यांच्यावर जपानच्या सुगियामांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काम केलं आणि नवा नर टोळी बळकावतो तेव्हा जुन्याची पिल्लं मारतो हे जगाला पहिल्यांदा नीट सांगितलं. आमच्या गोठ्यावर ते झालेलं आईने पाहिलंय, ती त्या विषयावर बोलत नाही.)

आमच्या टोपीवाल्यांची हद्दही अशीच. वर तापीच्या पलीकडे ऱ्हीसस, उत्तर भारतातलं आखूड शेपटीचं दांडगं माकड, खाली हे. निदान पुस्तकात असं होतं. आता ऱ्हीसस खाली सरकतंय, बऱ्याच ठिकाणी टोपीवाल्यांची जागा घेतंय, आणि गंमत म्हणजे त्यातलं काही सरकणं पायांनी नव्हे, पिकअपनेही झालंय. एका शहराची माकडं दुसऱ्या जिल्ह्यात. जगात फक्त दक्षिण भारतात असलेलं हे माकड आज धोक्याच्या यादीत आहे, आणि इकडे आम्हाला वाटतं की ते जरा जास्तच झालंय. दोन्ही खरं असू शकतं याची सवय करून घेणं जड जातं. रस्त्याकडेला, देवळात, कुळागरात गर्दी, आणि मधल्या रानात शुकशुकाट.

आणि दारं? लोंढ्याकडून कुळ्याला उतरणारी रेल्वे पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात घातली, तिचं दुपदरीकरण, अनमोड घाटाचा रस्ता रुंद करणं आणि विजेची लाईन हे तीन प्रकल्प मोलेच्या रानातून एकदम आले तेव्हा गोव्यात लोक रस्त्यावर उतरले, २०२० ची गोष्ट, आमच्या ऑफिसातली एरवी फक्त डीए वर बोलणारी मंडळी पण गेली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची परवानगी रद्द केली. सत्तरी-डिचोली-सांगेत खाणींचे लाल खड्डे आहेत ते आहेतच. पालघाटच्या दाराला उघडझाप करायला हजारो वर्षं मिळायची. रस्त्याला दोन वर्षांचं टेंडर असतं. दक्षिणेत वालपराईला चहाच्या मळ्यांत अडकलेली सिंहपुच्छ माकडं शेवटी जमिनीवर उतरायला शिकली, रस्ता ओलांडायला लागली आणि गाड्यांखाली यायला लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी रस्त्यावरून झाडाझाडांना जोडणारे दोरांचे आणि पट्ट्यांचे पूल बांधले. माकडं ते वापरतात. मला हे फार आवडलं, खर्च किरकोळ आणि कोणाचं भाषण नाही.

त्या वहीकडे परत येते. म्हादईपलीकडे सोडलेली चौदा. माकड चांगलं चालतं, नदी त्यांना अडवणार नाही, पण पलीकडचं रान रिकामं थोडंच असतं, तिथे दुसऱ्या थोट्या आणि दुसरे सरपंच असतात. नर कुठेतरी खपून जातात, त्यांचा तो जन्माचा धंदाच आहे. पण मादी? जिने आयुष्यात घर सोडायचंच नसतं, जिला झाडं आईकडून मिळतात, कुठल्या महिन्यात कुठला उंबर पिकतो, पाणी कुठे असतं, आमची आई दगड मारताना नेम चुकवते हे जिला पिढ्यान्‌पिढ्या पाठ, तिला एका दुपारी कोणीतरी उचलून परक्या तालुक्यात ठेवलं. मला लग्नाच्या वेळी निदान तारीख माहीत होती.

मे महिन्यात शनिवारी घरी गेले तर छपरावर धडधड. मला एकदम बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू, धावत मागच्या पडवीत गेले. वीसेक माकडं, कुळागरात नुसता गोंधळ. जागा मोकळी झाली की शेजारची टोळी येते, हा साधा हिशेब, वर्गणी काढताना कोणी केला नव्हता. आई दारात उभी होती हातात काठी घेऊन, पण काठी खालीच. मी म्हटलं, आली बघ परत.

"हीं आमचीं न्हय," आई म्हणाली.

मी विचारलं कशावरून. तिने विहिरीकडे बोट दाखवलं. कठडा रिकामा होता. एक तरणी मादी त्याच्या भोवती फिरत होती, पाणी दिसत होतं पण उतरायचं कुठून ते तिला कळत नव्हतं, दोनदा काठावरून वाकली, दोनदा मागे आली. आमच्या माकडांना माहीत होतं की पंपाच्या पाइपाच्या जोडातून कायम ठिबकतं आणि खाली दगडाच्या खोबणीत पाणी साठतं, सगळी तिथेच प्यायची.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग आत गेली, न्हाणीतला जुना टोप भरून आणला, कठड्याच्या कडेला ठेवला आणि परत दारात येऊन काठी हातात घेतली.